ओंडक्याचं वजन कुठून आलं? अकरावीच्या बॉटनीची सुरुवात वजनकाट्याने केली, त्याचं प्रकरण

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी ज्युनियर कॉलेजला बॉटनी शिकवते. आमच्याकडे अकरावी सायन्सला येणारी बहुतेक पोरं मराठी माध्यमातून दहावी झालेली असतात, बऱ्याच जणांच्या घरी ऊस, आणि बायोलॉजी घेतलेलं असतं ते नीटसाठी, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी. बायोलॉजीचे दोन भाग, झूलॉजी आणि बॉटनी, दोघं वेगळे शिक्षक घेतात, आणि बॉटनी म्हणजे नुसतं पाठांतर असं सिनियर मुलांनी आधीच सांगून ठेवलेलं असतं. पुस्तकाची सुरुवातही वर्गीकरणाने होते, म्हणजे ज्या मुलांना झाड जिवंत आहे म्हणजे नेमकं काय करतंय हे अजून कळलेलं नाही त्यांना आपण शैवाल, ब्रायोफायटा, टेरिडोफायटा अशी नावांची रांग देतो. मला हे कधीच पटलेलं नाही. म्हणून एका बॅचला मी वर्गीकरण थोडं मागे ढकललं आणि सुरुवात एका प्रश्नाने केली, तो प्रश्न पुढे कसकसा गेला ते इथे सविस्तर लिहितेय, कारण फर्स्ट इयरला किंवा शाळेत शिकवणाऱ्यांनाही याचा उपयोग होईल असं मनापासून वाटतं.

प्रश्न साधा होता. टेबलावर आंब्याचा वाळलेला ओंडका ठेवला, दोघांनी मिळून उचलावा लागेल एवढा, आणि विचारलं की कोय मुठीत मावते, तिच्यातून हे एवढं लाकूड झालं, तर हे वजन आलं कुठून? बोलायचं नाही, चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही.

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या मातीच्या निघाल्या. त्यानंतर पाणी, मग खत, काहींनी सूर्यप्रकाश लिहिलेलं. हवा असं लिहिणारे अगदी मोजके, आणि त्यातही एकाने पुढे प्रश्नचिन्ह टाकलेलं. मग मी म्हटलं, प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण कोण सांगेल, तर अख्खा वर्ग एका सुरात, कार्बन डायऑक्साइड अधिक पाणी, सूर्यप्रकाश आणि हरितद्रव्य, ग्लुकोज अधिक ऑक्सिजन. बरोबर. एकही अक्षर चुकलं नाही. ते फळ्यावर लिहिलं आणि शेजारी चिठ्ठ्यांची बेरीज लिहिली, आणि थांबले.

थोड्या वेळाने मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "मॅडम, पण या समीकरणात माती कुठंय?"

माझ्या मते वनस्पतिशास्त्र शिकवण्यातली खरी अडचण हीच आहे. पोरांना समीकरण येत नाही असं अजिबात नाही, समीकरण एका कप्प्यात असतं आणि झाड दुसऱ्या कप्प्यात, दोघांची कधी गाठच पडलेली नसते. समीकरण परीक्षेसाठी, आणि झाड म्हणजे जे मातीतून अन्न खेचून घेतं ते. सातवी-आठवीपासून त्यांना सांगितलेलं असतंच की वनस्पती स्वतःचं अन्न स्वतः तयार करतात, मग मी परत एकदा सांगून काय होणार? सांगण्याने हा समज जात नाही, कारण तो सांगण्यामुळे आलेलाच नाही. तो शेतातून आलेला आहे, घरातून आलेला आहे, खताच्या गोणीवरून आलेला आहे, तिथे तो रोज खरा ठरताना दिसतो. त्याला उत्तर द्यायचं तर काट्यावर द्यायला पाहिजे.

त्याच तासाला मी त्यांना हेल्मोंटची गोष्ट सांगितली, कारण मातीवालेच मतांनी जिंकत होते. यान बाप्टिस्टा फान हेल्मोंट, ब्रुसेल्सकडचा, सतराव्या शतकातला माणूस. त्याने भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती एका मोठ्या कुंडीत भरली, त्यात ५ पौंडाचं विलोचं रोप लावलं, वरून धूळ पडू नये म्हणून भोकं पाडलेलं पत्र्याचं झाकण बसवलं, आणि ५ वर्षं फक्त पावसाचं किंवा ऊर्ध्वपातित पाणी घातलं. ५ वर्षांनी झाड भरलं १६९ पौंड आणि वर थोडे औंस. माती परत वाळवून मोजली तर कमी झाली होती जेमतेम २ औंस. आजच्या हिशोबाने झाड साधारण ७७ किलो आणि माती गेली ५०-६० ग्रॅम. त्यातही गळून पडलेली पानं त्याने धरलेली नाहीत. हे सगळं तो वारल्यावर १६४८ मध्ये त्याच्या मुलाने छापून आणलं.

मातीवाले गप्प झाले आणि पाणीवाले एकदम खूश. कारण हेल्मोंटचा निष्कर्षही तोच होता, झाड पाण्यापासून झालं. आणि इथे मी मुद्दाम त्याला चूक म्हटलं नाही, तसंच राहू दिलं. एकच जास्तीची गोष्ट सांगितली, की गॅस हा शब्द विज्ञानात आणणारा माणूस हाच, आणि याच माणसाने लिहून ठेवलंय की ६२ पौंड कोळसा जाळला तर राख राहते १ पौंड, बाकीचे ६१ पौंड वायू होऊन निघून जातात. म्हणजे लाकडातून वायू निघतो हे त्याला माहीत होतं, मोजलेलं होतं, पण तोच वायू आत गेला असेल हे त्याच्या डोक्यात आलं नाही. पोरांना हे फार लागलं. एवढा मोठा माणूस, दोन्ही तुकडे हातात, आणि जोडले गेले नाहीत. आपल्या चिठ्ठ्यांबद्दल वाटणारी लाज तिथे गेली असं मला त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसलं, आणि लाज गेल्याशिवाय पुढचं काही होत नाही.

आता प्रयोग. याची मूळ कल्पना माझी नाही. अमेरिकेत मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत डायन एबर्ट-मे आणि त्यांचे सहकारी कॉलेजच्या नवीन मुलांना मुळ्याच्या बियांचा एक प्रश्न देत, तो त्यांनी २००३ मध्ये बायोसायन्स या नियतकालिकात मांडलाय. तीन बशा, प्रत्येकीत दीड ग्रॅम बी. पहिली उजेडात पण पाणी नाही. दुसरी उजेडात आणि पाणी. तिसरी अंधारात आणि पाणी. आठवड्याने सगळं पूर्ण वाळवून वजन केलं तर कोण जड, कोण हलकं? माती कुठेच नाही, फक्त ओला कागद. मी हाच प्रश्न घेतला, फक्त बी जास्त घेतलं, कारण आमच्या केमिस्ट्री लॅबचा काटा काही फार बारीक नाही आणि दीड ग्रॅममधला फरक त्यावर दिसूनही पोरांनी विश्वास ठेवला नसता.

प्रयोग लावायच्या आधी अंदाज लिहून घेतले. हे फार महत्त्वाचं आहे, अंदाज लिहिलेला नसेल तर निकाल आल्यावर सगळेच म्हणतात आम्हाला माहीत होतं.

कोरड्या बशीबद्दल वाद नव्हता, बी आहे तसंच राहणार. उजेडातली वाढणार हेही बहुतेकांना मान्य. भांडण झालं ते अंधाराच्या बशीवर. बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की अंधारातली पण वाढणार, थोडी कमी वाढेल. आणि मग एका मुलीने असा मुद्दा काढला की मी मनातल्या मनात तिला शाबासकी दिली. ती म्हणाली, "मॅडम, नवरात्रात आमच्या देव्हाऱ्यात घट बसतो, तिथं कुठं उजेड असतो, फक्त समईचा. तरी नऊ दिवसात धान केवढं उंच होतं. बाहेर शेतात नऊ दिवसात गहू एवढा होतच नाही. मग अंधारात वजन कमी कसं होईल? उलट जास्तच होईल."

वर्गातल्या प्रत्येकाने घट पाहिलेला. दसऱ्याला ते पिवळंधमक धान टोपीत खोचलेलं, वेणीत माळलेलं पाहिलेलं. त्यामुळे तिच्या बाजूने एकदम हात वर. आणि तिचं निरीक्षण तर शंभर टक्के खरं होतं! अंधारातलं रोप उंच होतंच. मी फक्त एवढंच म्हटलं की उंची आणि वजन एकच आहे का ते काटा सांगेल, आणि फळ्यावर तिचा मुद्दा "घटाचा मुद्दा" म्हणून लिहून ठेवला, पुढे सगळा प्रयोगभर तो तिथेच होता, कोणी पुसला नाही.

बशा लावल्या. अंधाराची बशी लॅबच्या कपाटात, खोक्याच्या आत. उजेडाची खिडकीत ठेवू नका असं मी सांगेन, पावसाळी दिवसात खिडकीतला उजेड फारच कमी पडतो, आम्ही व्हरांड्यात उघड्यावर ठेवली, वरून पाऊस लागणार नाही पण आभाळ दिसेल अशी. पाणी रोज पोरं घालायची, दोन्हीकडे सारखं मोजून. कपाटाचं दार मिनिटभरच उघडायचं असा नियम त्यांनीच केला.

निकालाच्या दिवशी आधी ओलं वजन करायला लावलं, हे मी मुद्दाम केलं. अंधारातली रोपं लांबच लांब, पिवळी, माना टाकलेली, आणि उजेडातली बुटकी, हिरवी, पानं पसरलेली. काट्यावर दोन्ही मूळ बियांच्या कितीतरी पट जड, आणि अंधारातली बशी अजिबात हलकी नाही. घटाचा मुद्दावाल्यांनी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. मग विचारलं, यात पाणी किती? आणि पाण्याशिवाय त्या रोपाने स्वतःचं असं काय कमावलंय? तर म्हणे वाळवून बघू.

वाळवायला आमच्याकडे हॉट एअर ओव्हन नाही. लाकडी पेटीत १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून काम केलं, वर्तमानपत्राच्या पुड्या करून त्यात रोपं ठेवली, आणि दोन वेळा मोजून वजन तेवढंच येईपर्यंत वाळवत राहिलो. हा भाग कंटाळवाणा आहे पण टाळू नका. वाळलं कधी हे ठरवायचं कसं, या एका प्रश्नातून पोरं मोजमाप म्हणजे काय ते जेवढं शिकली तेवढं ती मापनाच्या धड्यातून शिकत नाहीत.

आणि मग कोरडं वजन. उजेडातली रोपं बियांपेक्षा किंचित जड. अंधारातली, ती उंच, टाळ्या घेतलेली, मूळ बियांपेक्षा हलकी. थोडीथोडकी नाही, डोळ्यात भरेल इतकी हलकी.

"मॅडम, काटा बिघडलाय."

परत केलं. परत तेच. दुसरा काटा आणला फिजिक्सवाल्यांकडून, तरी तेच. तेव्हा मी मिशिगनचे आकडे फळ्यावर लिहिले, आधी सांगितले नव्हते. १.५ ग्रॅमपासून सुरुवात, कोरडी बशी १.४६, उजेड आणि पाणी १.६३, अंधार आणि पाणी १.२०. म्हणजे अंधारातल्या रोपाने आठवड्यात स्वतःचा पाचवा हिस्सा घालवला. कोरड्या बशीत पण थोडं कमी का झालं यावर जरा अडलं, मग एकीने सांगितलं की कोरडं दिसणाऱ्या बियातही ओल असतेच, ती भट्टीत गेली. शेतकऱ्याच्या पोरांना हे सांगावं लागत नाही, सोयाबीन विकताना व्यापारी ओल बघूनच भाव पाडतो.

पण खरा प्रश्न अंधाराच्या बशीचा. बाहेरून काही काढून घेतलं नाही, तर ते वजन गेलं कुठे?

पहिलं उत्तर आलं की ओल्या कागदात उतरलं असेल. चांगली शंका आहे, आणि अशी शंका काढणाऱ्या पोराला कधीही उडवून लावू नये. आम्ही तो कागदही वाळवून मोजला, आणि तसलाच कोरा कागद पाण्यात भिजवून, वाळवून मोजला. फरक जाणवण्यासारखा नव्हता. मग दुसरं, कुजलं असेल. कुजलेलं काही दिसत नव्हतं, वासही नव्हता. मग बराच वेळ कोणीच काही बोलेना, आणि शेवटी एकजण चाचरत म्हणाला, श्वासातून गेलं असेल का.

तर ते तपासायचं कसं? पानपट्टीवरचा चुना आणला, पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला, वरची निवळी गाळून घेतली. एका बंद बाटलीत मोड आलेले मूग आणि छोट्या वाटीत चुन्याची निवळी, दुसऱ्या बाटलीत उकळून मारलेले मूग आणि तशीच निवळी. दुसऱ्या दिवशी जिवंत मुगाची निवळी दुधाळ झालेली, दुसरी जवळपास तशीच. हा प्रयोग शाळेच्या पुस्तकात असतोच, नवीन काही नाही, पण पुस्तकात तो "वनस्पती श्वसन करतात" हे सिद्ध करायला असतो आणि पोरांना ते आधीच पाठ असतं, त्यामुळे निवळी दुधाळ झाली काय आणि नाही काय, त्यांना सुखदुःख नसतं. इथे मात्र त्यांचं वजन हरवलेलं होतं आणि ते शोधत होते. निवळी पांढरी दिसल्यावर एक मुलगी ओरडलीच, "सापडलं!"

इथे एक गैरसमजही आपोआप गळून पडला, की झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन. उजेडातली बशीसुद्धा सगळा वेळ श्वसन करतच होती, फक्त खर्चापेक्षा तिची कमाई जास्त होती, हे पोरांनीच मांडलं. आणि घटाच्या मुद्द्याचंही उत्तर मिळालं. अंधारात रोप उंच होतं ते बियातली शिल्लक काढून, उजेडापर्यंत पोचायच्या धडपडीत, हिरवं व्हायचं सोडून नुसतं लांब होतं, आणि नवीन काहीच जमा होत नाही. ज्या मुलीने मुद्दा काढला होता तिने नंतर नवरात्रात घरी घटातलंच धान अंगणात एका वेगळ्या कुंडीत पण लावलं आणि दोन्हीचे फोटो मोबाइलवर आणून दाखवले, घटातलं पिवळं आणि उंच, अंगणातलं हिरवं आणि ठेंगणं. आजीला पण समजावलं म्हणाली.

एवढं झालं तरी आंब्याचा ओंडका सुटला नव्हता. मुळ्याच्या बशीत माती नव्हती आणि वजन वाढलं, म्हणजे माती नाही हे कबूल, पण पाणी आहेच ना! पाणीवाले अजून हटले नव्हते. इथे मी समीकरणाचाच हिशोब करायला लावला, वजनासकट. ग्लुकोजचा एक मोल १८० ग्रॅम. त्यात कार्बन ७२, ऑक्सिजन ९६, हायड्रोजन १२. झाडातून बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातला असतो, हे १९४१ मध्ये रुबेन आणि केमन यांनी जड ऑक्सिजन वापरून दाखवलं, म्हणजे ग्लुकोजमधला कार्बन आणि ऑक्सिजन दोन्ही कार्बन डायऑक्साइडमधून आले आणि पाण्यातून आला तो फक्त हायड्रोजन. १८० पैकी १६८ ग्रॅम हवेतून, १२ ग्रॅम पाण्यातून. लाकडात सगळ्यात जास्त असतं ते सेल्युलोज, सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्याच साखळ्या. अकरावीच्या पोराला मोल येतो, हा हिशोब तो स्वतः करू शकतो, आणि केमिस्ट्री आणि बॉटनी एकाच वहीत आल्याचं त्याला बहुतेक पहिल्यांदाच दिसतं.

तरी एक अढी राहिली होती आणि ती कोणी बोलत नव्हतं, मला बोलून काढावी लागली: हवेला कुठे वजन असतं? हवेतून ओंडका होतो हे न पटण्याचं मूळ कारण हेच आहे असं मला वाटतं. मग वर्ग मोजला, टेपने, लांबी ८ मीटर, रुंदी ६, उंची साडेतीन. घनमीटरला हवा साधारण १.२ किलो. गुणाकार करा. २०० किलो! दोन क्विंटल हवा आपल्या भोवती बसलीय म्हटल्यावर पोरं वर छताकडे बघायला लागली. पण त्यात कार्बन डायऑक्साइड किती, तर दहा लाख भागात ४२०च्या आसपास. एका घनमीटर हवेत निव्वळ कार्बन भरतो साधारण ०.२ ग्रॅम. इतकंसंच. मग एवढ्याशातून ऊस कसा होतो?

आणि इथे तास उसाच्या शेतात गेला, तो मग दोन-तीन तास तिथेच राहिला, आणि सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त समाधान याच भागाने दिलं.

एकाने सरळ आव्हान दिलं. "मॅडम, मग खत कशाला टाकायचं? आमचे पप्पा येडे आहेत का?" बाकीचे हसले, पण प्रश्न पूर्ण खरा होता. तर म्हटलं हिशोब करू. चांगला आडसाली, म्हणजे साधारण दीड वर्षाचा, ऊस एकरी किती पडतो? ५० टन धर म्हणाला, आमचा त्याच्यावर जातो. खत किती? कृषी विद्यापीठाची आडसाली उसाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० स्फुरद, १७० पालाश. एकरात आणलं तर १६०, ६८, ६८, सगळं मिळून ३०० किलोच्या आत. ५० टन म्हणजे ५०,००० किलो. त्यात पाणी साधारण ७० टक्के, ते काढलं तरी कोरडा माल १५,००० किलो. आता खतातल्या या ३०० किलो अन्नद्रव्यांतून, समजा त्यातला कण न् कण उसाने घेतला, तरी १५,००० किलो कसं झालं?

वर्ग शांत. मग त्यालाच म्हटलं, आता साखर बघ. साखरेच्या रेणूत काय असतं? कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. नत्र आहे? नाही. स्फुरद? नाही. पालाश? नाही. कारखान्यातून पोतंच्या पोतं साखर बाहेर पडते आणि त्यात गोणीतल्या खताचा अंशसुद्धा नाही, ती सगळी हवा आणि पाणी आहे.

तर खत कशाला? हरितद्रव्यात नत्र लागतं, त्याच्या मधोमध मॅग्नेशियम बसलेलं असतं, जवळजवळ सगळी एन्झाइम्स ही प्रथिनं आणि प्रथिनांना नत्र पाहिजे, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीत स्फुरद, पानाची रंध्रं उघडायला मिटायला पालाश. मिठाशिवाय भाजी होत नाही, पण भाजी मिठाची झालेली नसते, एवढं म्हटल्यावर त्या पोराचे पप्पा शहाणे ठरले आणि तो खाली बसला. चुलीतली राखही इथे आणली. एवढं लाकूड जळून ओंजळभर राख का उरते, कारण मातीतून आलेलं पोटॅश, कॅल्शियम वगैरे तेवढंच होतं, बाकी जे हवेतून आलं होतं ते परत हवेत गेलं. हेल्मोंटचा १ पौंड राखेचा आकडा तेव्हा पोरांनीच काढला, मला आठवण करून द्यावी लागली नाही.

मग राहिलेला हिशोब. १५,००० किलो कोरड्या मालात कार्बन साधारण ४५ टक्के, म्हणजे पावणेसात हजार किलोच्या आसपास. घनमीटरला ०.२ ग्रॅम या दराने किती हवा लागली? सव्वातीन-साडेतीन कोटी घनमीटर. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, त्याच्यावर जमिनीलगत असते तशी दाट हवा रचत गेलं तर आठ किलोमीटर उंच थर. एका एकराच्या उसाने एवढी हवा गाळली. वारा आणून देत राहतो आणि पानं गाळत राहतात. हे गणित कॅल्क्युलेटरवर तीन पोरांनी वेगवेगळं करून बघितलं कारण विश्वास बसेना, आणि उत्तर जुळल्यावर एकजण म्हणाला की आता फडाकडं बघताना वेगळंच वाटणार.

पुढचा प्रश्न त्यातूनच आला, एवढी हवा आत जाते कुठून? आणि मला पर्णरंध्रं "शिकवावी" लागलीच नाहीत. रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाच्या खालच्या बाजूची साल काढली, स्लाइडवर घेतली, मायक्रोस्कोपला रांग लागली. एरवी हेच प्रॅक्टिकल जर्नलमध्ये आकृती काढायला म्हणून होतं आणि निम्मी आकृती पुस्तकातून उतरते. तसंच सी-फोरचं. सी-फोर मार्ग, म्हणजे उसासारख्या पिकांची कार्बन डायऑक्साइड पकडायची खास पद्धत, बारावी पास झालेल्यांनाही फक्त एक किचकट चक्र म्हणून आठवतो, पण त्याची पहिली चाहूल उसातच लागली, १९६५ मध्ये हवाईत कोर्टशाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून, आणि पुढे तो सगळा मार्ग उलगडला तो ब्रिस्बेनमध्ये साखर कंपनीच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या हॅच आणि स्लॅक यांनी. हवेत कार्बन डायऑक्साइड इतका कमी असताना ऊस तो इतक्या जोरात कसा पकडतो, हा प्रश्न पोरांच्या डोक्यात आधीच तयार होता, म्हणून ते चक्र त्यांना उत्तर वाटलं, ओझं वाटलं नाही.

याची किंमतही सांगते. पोर्शन मागे पडला. एका पालकांनी येऊन विचारलं की बाकीचे क्लासेस दुसऱ्या धड्यावर गेले आणि तुम्ही अजून मुळ्याला मोड आणताय का, आणि त्यांची काळजी मला समजते, पोरांचं वर्ष असतं. वर्गीकरण नंतर घेतलं तेव्हा ते लवकर उरकावं लागलं, आणि ब्रायोफायटाच्या भागाला जेवढा वेळ द्यायला हवा तेवढा मिळाला नाही. पण मला विचाराल तर हा सौदा मी पुन्हा करेन. नावं नंतरही पाठ होतात. झाड हवेतून स्वतःला घडवतं ही गोष्ट एकदा आत शिरली नाही तर पुढचं सगळं वनस्पतिशास्त्र हवेत राहतं.

आणि सगळ्यांच्या आत ती शिरली असंही नाही. सत्र संपताना मी तोच प्रश्न वेगळ्या वेषात विचारला, बांधावरच्या बाभळीचं लाकूड म्हणून. बहुतेकांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड असं लिहिलं, कारणासकट लिहिलं, काहींनी हायड्रोजन पाण्यातून असंही वेगळं दाखवलं. तरी काही चिठ्ठ्या होत्याच, "जमिनीतील पोषकद्रव्यांपासून". त्यातली दोन-तीन अक्षरं मला ओळखू आली, प्रयोगात पुढे असलेली पोरं होती ती. प्रयोग आवडला, निकाल पाठ आहे, पण बाभूळ म्हटलं की परत जुना कप्पा उघडला. माझा अंदाज असा की मुळ्याच्या बशीवरून मोठ्या झाडावर जाणारी उडी प्रत्येकाने स्वतः घ्यावी लागते आणि एकदा घेऊन भागत नाही, म्हणून आता मी प्रत्येक मोठ्या धड्याच्या शेवटी हा वजनाचा प्रश्न कुठल्यातरी निमित्ताने परत आणते, श्वसनाला, खनिज पोषणाला, वाढीच्या धड्याला.

कोणाला करून बघायचं असेल तर काही बारीकसारीक गोष्टी. मूग घेऊ नका, त्याच्या बियात साठा इतका असतो की उजेडातलं रोपही बरेच दिवस मूळ वजनाच्या खालीच राहतं आणि पोरं गोंधळतात, मुळा किंवा मोहरी घ्या. अळीव स्वस्त मिळतो पण त्याचा चिकट थर कागदाला धरून बसतो, सोडवताना निम्मं वजन कागदावर राहतं. कृषी सेवा केंद्रातून मुळ्याचं बी घेतलं तर गुलाबी-निळं रंगवलेलं, औषध लावलेलं असू शकतं, ते लहान मुलांच्या हातात देऊ नका, बिनऔषधाचं मागून घ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वजन करायची घाई नको, तेव्हा दोन्ही बशा हलक्या भरतात कारण हिरवी पानं नीट पसरेपर्यंत खर्चच चालू असतो, पानं पसरून आठवडाभर चांगला उजेड मिळू द्या, ढगाळ असेल तर अजून थोडं थांबा. प्रत्येक बशीत किमान ५ ग्रॅम बी घ्या आणि पसरट ताटलीत लावा, गर्दी झाली की बुरशी येते. काटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा पुरतो, तसा छोटा काटा आता ऑनलाइन स्वस्तात मिळतो. आणि चौथी बशी आठवणीने लावा, तेवढंच वजन केलेलं बी, न भिजवता सरळ वाळवायचं, कारण तुलना करायची ती त्याच्याशी, पुडीतून काढलेल्या बियाच्या वजनाशी नाही.